दगडातलं तोंड

काच तडकल्याचा निरोप अतियातला भाकऱ्यांच्या भट्टीपुढच्या रांगेत मिळाला. सकाळचे साडेसात वाजले होते, तिच्यापुढं अजून सहा बायका होत्या आणि भट्टीतून येणाऱ्या गरम वाफेनं सगळ्यांचे चेहरे तांबूस झाले होते. फोनवर संग्रहालयातल्या तिच्या हाताखालच्या मारियानचा आवाज नेहमीसारखाच चटपटीत होता. "मॅडम, घाबरू नका, वस्तू सगळ्या धड आहेत. वरच्या दालनातल्या एका पेटीच्या काचेला तडा गेलाय. गारव्याचं यंत्र पहाटे बंद पडलं होतं म्हणे. पहारेकऱ्यानं मला कळवलं, मी वस्तू काढून खाली प्रयोगशाळेत आणून ठेवलीय." अतियातनं विचारलं, "कुठली पेटी?" खरं तर वरच्या दालनात पेट्या बावीस होत्या आणि तरीही तिला उत्तर ठाऊक होतं. "अकराशे बारा नंबरच्या वस्तूची," मारियान म्हणाली. "ते तोंड. बरं झालं एका अर्थी, आता खाली आलंच आहे तर नीट तपासून घेऊ. त्याचा एकही तपासणी अहवाल नाहीये मॅडम, तुम्हाला माहितीये?" तेवढ्यात रांग पुढं सरकली. मागची बाई म्हणाली, "चला ना हो पुढं." अतियात पुढं न जाता बाजूला झाली आणि रिकामी पिशवी काखेत मारून नदीच्या रस्त्याला लागली.

तिला माहीत होतं. एकोणतीस वर्षं त्या इमारतीत दुरुस्तीचं काम करणाऱ्या बाईला कुठल्या वस्तूचा अहवाल नाही हे ठाऊक असणारच, कारण तो लिहायचं काम तिचंच होतं. दर वर्षी यादी यायची, दर वर्षी ती अकराशे बारापुढं 'स्थिती उत्तम' असं लिहायची, आणि ते लिहिताना ती वस्तू पाहायची नाही. वर जायचं झालं तर ती मागचा जिना घ्यायची. काच पुसून घ्यायची असली की दुसऱ्या कुणाला पाठवायची. तुकडा तसा मोठा नव्हता, कलिंगडाच्या एका जाड फोडीएवढा. नाकाच्या खालपासून हनुवटीपर्यंतचा भाग, उजव्या गालाचा एक पट्टा, थोडी मान, आणि मागच्या अंगाला केसांच्या टोपाच्या चार बटा. टणक, पिवळसर चुनखडी. खाली पाटी होती, 'राणीच्या पुतळ्याचा तुकडा'. डोळे नाहीत, कपाळ नाही, नावही नाही. पण लोक त्या पेटीपुढं थांबायचे. मोठमोठे अखंड राजे ओलांडून यायचे आणि त्या ओठांपुढं उभे राहायचे. शाळेच्या सहली यायच्या तेव्हा खालपर्यंत ऐकू यायचं, मुली एकमेकींना म्हणायच्या, आता बोलेल बघ ही.

नदीवर अजून धुरकट ऊन होतं. पलीकडचा डोंगर गुलाबी दिसत होता आणि त्याच्या पायथ्याशी जिथं गुर्ना गाव होतं तिथं आता नुसते उंचवटे होते. सरकारनं घरं पाडली त्याला दहा-बारा वर्षं झाली. सगळ्यांना उत्तरेला नव्या वसाहतीत नेलं, सारख्या घरांच्या सारख्या रांगांत. अतियात त्या पाडलेल्या घरांपैकी एकात वाढली. मातीचं, निळ्या रंगाचं घर, पुढं अंगण, अंगणभर दगडाचा चुरा. बाबांचा दिवस त्या चुऱ्यात जायचा. उस्ता मौगूद, म्हणजे मौगूद उस्ताद, म्हटलं की नदीच्या दोन्ही तीरांवर लोक ओळखायचे. जुन्या थडग्यांत सापडतात तसे ससाणे, भुंगे, मांजरी, छोटे छोटे राजे ते दगडात कोरायचे. पर्यटक आले की बाबा गंभीर चेहरा करून एखादा राजा फडक्यातून हळूच उघडायचे, आणि पर्यटक गेले की आईकडं बघून एक डोळा मिटायचे. त्यात लाज अशी नव्हती. निम्मं गाव तेच करायचं. नक्कल विकणं म्हणजे धंदा, आणि थडगं फोडणं म्हणजे चोरी. ही रेघ लहान पोरांनाही ठाऊक होती, आणि ती कोण कोण ओलांडतं याबद्दल घराघरात गप्प बसायचं असतं, हेही.

ती अकरा वर्षांची होती तेव्हा पोलीस भर दुपारी अंगणात आले. बाबांच्या मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला दगड होता. तो त्यांनी लपवला नाही की खाली ठेवला नाही, तसाच धरून ते बसून राहिले, झोपलेलं मूल उतरवायला माणूस कां-कू करतो तसे. नंतरचं सगळं तिला तुकड्यांतुकड्यांनी आठवे. न्यायालयाच्या बाहेरची धूळ. आईचा हात. खिडकी उंच होती म्हणून आत दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. सरकारकडून आलेल्या जाणकारानं सांगितलं की दगड अस्सल आहे, तीन हजार वर्षांपूर्वीचा. मग बाबांचा आवाज आला, आणि मग आतली सगळी माणसं हसली. घरी आल्यावर गाव सांगत सुटलं की मौगूद म्हणाला, हे मी घडवलंय साहेब. गावाला ते पटलं नाही, पण आवडलं. मौगूदनं न्यायाधीशालाच राजा विकायला काढला, असं लोक म्हणायचे. तीन वर्षं बाबा केनाच्या तुरुंगात होते. शाळेत मुली म्हणायच्या, थडगंचोराची पोर. अतियात घरी येऊन सांगायची, माझे बाबा चोर नाहीत, ते नकला करतात. जणू काही तो मोठा मान होता. आणि तिच्यापुरता तो होता. एवढ्या मोठ्या जाणकारांना फसवील असं तोंड ज्या माणसानं घडवलं तो आपला बाप आहे, या एका गोष्टीवर तिनं शाळेची वर्षं काढली, मग कैरोत जुन्या वस्तूंच्या दुरुस्तीचं शिक्षण पुरं केलं, वसतिगृहातल्या चार हिवाळ्यांची थंडी काढली.

जप्त केलेला तो तुकडा सरकारनं संग्रहालयात ठेवला होता. तिथं कामाला लागली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं ती पेटी उघडून मागितली. वरिष्ठांनी तुकडा तिच्या हातात दिला, तो पाठमोरा. तिनं मोडलेल्या बाजूवरून बोट फिरवलं आणि तिथंच तिचं शिक्षण तिच्या अंगावर उलटलं. तुटलेल्या कडेवर क्षारांची जुनी खपली होती, थरावर थर. पुतळ्याच्या पाठीला आधार म्हणून ठेवतात त्या दगडी खांबावर दोन अक्षरं अर्धी कोरलेली होती आणि त्यांच्या खाचांत तीच खपली भरली होती. असं काही चहाच्या पाण्यानं, काजळीनं, जमिनीत पुरून होत नाही. जिवंत माणसाच्या हातानं होत नाही. दगड जुना होता. म्हणजे न्यायालय खरं होतं. बाबा चोर होते, आणि वर खोटं बोलले होते, आणि तिला त्या खोट्यावर वाढवलं होतं. तुकडा सुलटा करून न बघताच तिनं तो परत दिला. त्या संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा बाबा अंगणात बसले होते. तुरुंगातून आल्यावर त्यांनी छिन्नी हातात धरली नव्हती, आता ते एक गाढव आणि थोडी कोथिंबीर सांभाळायचे. त्यांनी तिच्याकडं न बघता विचारलं, "ते तोंड आहे का गं तिथं?" तिनं सांगितलं, "बघितलं नाही अजून." त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. ती दर शुक्रवारी जायची, भाजी न्यायची, औषधं न्यायची, त्यांच्या पायांना तेल लावायची, आणि एकोणतीस वर्षांत एकदाही तिनं त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं नाही.

प्रयोगशाळेत मारियाननं पडदे आधीच ओढून ठेवले होते. पोरगी अठ्ठावीस वर्षांची, कोस गावची, गळ्यात बारीक क्रूस, आणि हातात सतत काहीतरी खायचं. टेबलावर वाळूच्या उशीवर तो तुकडा ठेवला होता. अतियात दारातच थांबली. "या ना मॅडम," मारियान म्हणाली, "मी साध्या दिव्यात बघून घेतलंय. मागची बाजू सुंदर आहे, अस्सल. पण पुढून काहीतरी चमत्कारिक आहे. तुम्ही बघा, मी काही सांगत नाही." अतियातला वाटलं, अजूनही सांगता येईल की माझं डोकं दुखतंय. रजा टाकता येईल. तिला आणखी चारच वर्षं काढायची होती, मग सेवानिवृत्ती, मग कुणी अहवाल मागणार नव्हतं. पण पाय पुढं गेले होते. ती टेबलाशी आली आणि तिनं पहिल्यांदा, छप्पन्नाव्या वर्षी, ते तोंड समोरून पाहिलं.

ओठ भरलेले होते, किंचित मिटलेले, वरच्या ओठाची कड इतकी स्वच्छ की तिच्यावर उजेड थांबत होता. ती वाकली. तिला काहीच वाटलं नाही, आणि काहीच वाटत नाही याचं तिला भय वाटलं. मारियाननं साधा दिवा बंद केला, खोली काळी झाली, मग तिच्या हातातला जांभळा दिवा लागला. "आता बघा," ती म्हणाली. अंधारात हनुवटी पिवळट उजळली, गाल पिवळट उजळला, मान आणि केसांच्या बटा, सगळं जुन्या तुपाच्या रंगाचं, शांत. आणि मधोमध ओठ, आणि ओठांभोवतीची बोटभर जागा, गडद जांभळी. कुणी तिथं शाई सांडावी तशी. दोन्हींमधली सीमा इतकी स्पष्ट होती की नखानं आखता आली असती.

"दगडाची जुनी कातडी इथं नाहीच आहे," मारियान हलक्या आवाजात म्हणाली. "कुणीतरी अलीकडं कोरलंय. अलीकडं म्हणजे गेल्या शतकात. मूळ तोंड फुटलेलं असणार. त्यानं फुटका भाग खाली उतरवून घेतला आणि त्यात नवे ओठ काढले. भिंगातून पोलादी कानशीचे ओरखडे दिसतात, वर चहा की कांद्याच्या सालीचं पाणी मारलंय. पण मॅडम, काय हात आहे हो. गालाशी कुठं जुळवलंय ते मला दिव्याशिवाय सापडलं नाही."

अतियात टेबलाची कड धरून उभी राहिली. तिच्या कानात एक उंच खिडकी होती, आणि धूळ, आणि आईचा घामेजलेला हात. आणि त्या खिडकीतून बाबांचा आवाज आला, गावानं सांगितला तसा नव्हे, तिनं स्वतः ऐकलेला, जो तिनं पंचेचाळीस वर्षं गावाच्या शब्दांखाली पुरून ठेवला होता. बाबा म्हणाले नव्हते की हे मी घडवलंय. बाबा म्हणाले होते, "तोंड माझं आहे, साहेब." आणि न्यायाधीश म्हणाले होते, "तुझं तोंड तुझ्यापाशीच आहे, तू दगडाचं बोल." म्हणून हसले होते सगळे. बाबा पुढं काही बोललेच नाहीत. जाणकारानं पाठ पाहिली होती आणि ती अस्सल होती. तिनंही पाठ पाहिली होती. अंधारात ती मोठ्यानं म्हणाली, "ते खरं बोलले होते." स्वतःचा आवाज तिला परका वाटला, बारीक, अकरा वर्षांचा.

मारियाननं दिवा मालवून पडदा थोडा सरकवला. तिनं अतियातसाठी स्टूल ओढलं आणि ती स्वतः उभी राहिली, हातातल्या कागदाकडं बघत. "मॅडम," ती म्हणाली, "हा तुकडा कुणाकडून जप्त झाला ते नोंदवहीत आहे, मला माहितीये. अब्दुल-मौगूद हसन, दगडकारागीर, गुर्ना. आणि तुमच्या हजेरीपटावर तुमचं पूर्ण नाव असतं."

"कधीपासून माहितीये तुला?"

"मी इथं आले त्या वर्षीपासून. सगळ्यांनाच माहितीये. पहारेकऱ्यांनाही. आधीच्या संचालकांनी म्हणे सांगून ठेवलं होतं, त्या पेटीचा विषय अतियातबाईंपुढं काढायचा नाही."

अतियात हसली. हसू कुठून आलं ते तिला कळलं नाही. एकोणतीस वर्षं ती मागच्या जिन्यानं चढली होती आणि पहारेकरी तिला चढताना बघून मान वळवत होते. तिला वाटलं होतं आपण लपवतोय. मग तिला भूक लागली, साधी, सकाळपासूनची. मारियानच्या डब्यात फूल, म्हणजे घेवड्याची उसळ, भरलेली अर्धी भाकरी होती. तिनं ती मागून घेतली आणि खाल्ली, त्या तुकड्यापासून तोंड वळवून, दगडावर कण पडू नये म्हणून.

"अहवालावर मी एकटी सही करते," मारियान म्हणाली. "तुमचं नाव नको त्यात. कुणी उद्या म्हणायला नको की मुलीनं बापासाठी लिहिलं."

"माझं नाव राहू दे. नातंही लिही. कारागिराची मुलगी, असं लिही. आणि म्हणून निष्कर्षावर तुझी एकटीची सही, माझी फक्त हजर होते म्हणून." तिनं बोटं पुसली. "आणि अहवाल पूर्ण लिही. पाठ अस्सल, ओठ नवे. दोन्ही."

"पाटी बदलावी लागेल. संचालकांना आवडायचं नाही. सगळ्यात जास्त फोटो त्याचेच निघतात."

"न आवडू दे," अतियात म्हणाली.

दुपारी ती रजा टाकून नदीवर आली. तिचा भाऊ हिलमी दोन्ही तीरांमध्ये मोटरची नाव चालवायचा. मंगळवारी बहीण आलेली बघून त्यानं विडी विझवली. "कोण मेलं?" त्यानं विचारलं. "कुणी नाही," ती म्हणाली. "मग तू अशी का दिसतेस?" "कशी?" हिलमीनं तिच्याकडं नीट पाहिलं आणि नाव सोडली. "काय माहीत," तो म्हणाला, "आई दिसायची तशी, सगळ्या भाकऱ्या भाजून झाल्यावर." पाणी हिरवं, जड, उन्हात चमकणारं. अतियात काठाला टेकून बसली आणि तिनं हात पाण्यात सोडला. तिनं त्याला सगळं सांगितलं. तो मोटरच्या आवाजात अर्धं ऐकत होता, अर्धं पुन्हा विचारत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे निम्मा चोर?" तिच्या अंगात पुन्हा जुनी सावली हलली, कारण हाच प्रश्न तिनं नदीत मध्यावर येईपर्यंत स्वतःला विचारला नव्हता. तोंड त्यांचं, पण दगड कुठून आला? "विचारते," ती म्हणाली. "विचार," हिलमी म्हणाला, "मी कधी विचारलं नाही. मला भीती वाटायची." दोघांनी इतक्या वर्षांत हे एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं. काठ येईपर्यंत तिचं मन हलकं झालं होतं.

वसाहतीतल्या घरात बाबा खिडकीखालच्या बाकावर बसले होते. त्र्याऐंशी वर्षांचे, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा बरा. हिलमीची बायको करीमा हिनं काळा चहा आणून ठेवला आणि ती कोंबड्यांकडं गेली. अतियात बाबांच्या समोर जमिनीवर बसली आणि तिनं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. कधी झाल्या कोण जाणे.

"बाबा, मी तेव्हा खोटं बोलले. तुम्ही विचारलं होतंत ना, तोंड आहे का तिथं. मी पाहिलं होतं. म्हणजे पाठ पाहिली होती."

"माहितीये," बाबा म्हणाले. त्यांनी चहात साखर ढवळली. "तोंड बघितलं असतंस तर बोलली असतीस. तुला कळलं असतं. माझं काम तुला लहानपणापासून कळायचं."

"आज बघितलं."

"मग?"

"ओठ तुमचे आहेत. लेखी दिलंय तसं. उद्या संचालकांकडं कागद जाईल."

बाबांनी चमचा खाली ठेवला. बाहेर करीमा कोंबड्यांना रागावत होती. मग त्यांनी विचारलं, "कशानं कळलं?"

"जांभळ्या दिव्यानं. जुना दगड पिवळा दिसतो, नवा जांभळा."

"दिव्यानं," बाबा म्हणाले. "डोळ्यानं नाही कळलं कुणाला?"

"नाही. पंचेचाळीस वर्षं कुणालाच नाही."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यांनी चहाचा पेला उचलून झाकलं. तिनं उरलेलं विचारलं. "दगड कुठून आला होता बाबा?"

"एकानं आणला होता. डोंगरात सापडला म्हणाला. कसा सापडला ते मी विचारलं नाही, तो माझा गुन्हा, त्याची सजा मी भोगली. ओठांची पार वाट लागली होती, कुणीतरी मुद्दाम ठेचले होते, फार जुनी ठेच. म्हणाला, तोंड करून दे, मग गिऱ्हाईक मिळेल. मी दोन दिवस नुसता बघत बसलो. मग केलं. आठ दिवस लागले. पोलीस आले तेव्हा कानस फिरवून झाली होती, नुसतं ओलं ठेवलं होतं."

"त्याचं नाव का नाही सांगितलंत?"

"त्याला चार पोरं होती. आता तोही नाही. पोरं चांगली निघाली, कशाला नाव घ्यायचं." त्यांनी तिच्याकडं पाहिलं, धड डोळ्यानं. "न्यायाधीशाला खरं तेवढं सांगितलं होतं. तो हसला. मला एक गोष्ट दोनदा सांगायची सवय नाही."

तिनं नाव पुन्हा विचारलं नाही. विचारायची इच्छाही तिच्यात शिल्लक नव्हती. बाबा चोर नव्हते. त्यांनी एका चोरासाठी काम केलं होतं, आठ दिवस, आणि त्यापायी तीन वर्षं दिली होती, आणि छिन्नी दिली होती. याहून स्वच्छ उत्तर तिला नको होतं. तिचे खांदे दुखत होते, प्रवासाहून आल्यावर दुखतात तसे.

"आता काय करतील त्याचं?" बाबांनी विचारलं. "खरवडून काढतील माझं काम?"

"नाही. पेटीतच राहील. पाटीवर लिहितील की ओठ आधुनिक कारागिराचे आहेत."

"नाव?"

"मी मागू का? नाव घालायला लावते मी."

बाबांनी विचार केला. त्यांचा अंगठा बोटांवरून सावकाश फिरत होता. "नको," ते म्हणाले. "ओठाचा डावा कोपरा बिघडलाय. कुणी काही म्हणालं का त्या कोपऱ्याबद्दल?"

"मारियान म्हणाली, जरासा खाली उतरलाय. तिला वाटलं राणी दुःखी असेल."

"दुःखी कसली," बाबा म्हणाले, "छिन्नी घसरली. करीमासारखी एक कोंबड्यांमागं ओरडत आली, तुझी आई, आणि मी दचकलो." आणि ते हसायला लागले, आवाज न करता, पेला हिंदकळेपर्यंत. अतियातही हसली. हसता हसता तिनं त्यांच्या हातातला पेला काढून घेतला आणि तशीच बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. तिला पाय वर घ्यायचे होते, मिनिटभर. खिडकीतून येणारं ऊन पोटऱ्यांवर पडलं होतं. बाबा सांगत होते, कोपरा दुरुस्त करता आला असता, एक दिवस मिळायला हवा होता, वरून कपचीभर काढलं असतं की झालं असतं. तिला ते ऐकायचं होतं, सगळं, कुठली कानस, कुठलं पाणी, पण आवाज लांब लांब जात होता. करीमा आत आली आणि विचारू लागली की जेवायला थांबणार ना. बाबा हळू आवाजात म्हणाले, "उठवू नको तिला. झोपू दे."